शंभर रुपयांतले सव्वीस पैसे: अवकाशावरचा खर्च आणि जमिनीवरचा हिशेब

२९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर पारादीपजवळ महाचक्रीवादळ धडकलं. सरकारी नोंदीप्रमाणेच जवळपास दहा हजार माणसं त्यात गेली. वीस वर्षांनी, ३ मे २०१९ रोजी, त्याच राज्यात पुरीजवळ ‘फनी’ हे अतितीव्र चक्रीवादळ आलं. या वेळी ओडिशात ६४ माणसं दगावली. वादळ पोचण्याआधी बारा लाखांच्या आसपास लोक सुरक्षित जागी हलवले गेले होते.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की अवकाश कार्यक्रमाचे पाठीराखे म्हणतात, उपग्रहांनी हजारो जीव वाचवले. ते खरं आहे, पण अर्धंच. १९९९ मध्येही इन्सॅट मालिकेतले उपग्रह बंगालच्या उपसागरावर नजर ठेवून होते आणि वादळ येताना दिसत होतं. मधल्या वीस वर्षांत उपग्रह सुधारले, पण त्याहून मोठा बदल जमिनीवर झाला. ओडिशाने आपत्ती व्यवस्थापनाचं स्वतंत्र प्राधिकरण उभारलं, किनाऱ्यावर शेकडो चक्रीवादळ निवारे बांधले, गावोगाव स्वयंसेवक तयार केले, आणि इशारा आल्यावर कोणी कोणाला कुठे न्यायचं हे आधीच ठरवून ठेवलं.

गरिबी, कुपोषण, मोडकळीला आलेली सरकारी रुग्णालयं असताना या देशाने यानं आणि रॉकेटं यांवर पैसा का खर्च करावा, हा प्रश्न साठ वर्षं विचारला जातो आहे. तो प्रामाणिक प्रश्न आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर द्यायला हवं. या लेखाचं म्हणणं थोडक्यात असं की भारताने अवकाशावर केलेला खर्च फार नाही आणि एकंदरीत तो सार्थकी लागला आहे. मात्र त्याचं पूर्ण मोल आपण वसूल केलेलं नाही, कारण उपग्रहापासून माणसापर्यंतचा शेवटचा दुवा आपण कायम दुबळा ठेवला. आणि आता खर्चाचा रोख उपयोगाकडून मानवी उड्डाणाकडे वळत असताना हिशेब मागण्याची गरज पूर्वीपेक्षा जास्त आहे.

आकड्यांचा आवाका

केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पाचा आकार ५०.६५ लाख कोटी रुपये होता. त्यात अवकाश विभागासाठी १३,४१६ कोटींची तरतूद होती. म्हणजे शंभर रुपयांतले सव्वीस पैसे, किंवा दर माणशी वर्षाला शंभर रुपयांच्या आत. त्याच वर्षी संरक्षणासाठी ६.८१ लाख कोटी, शिक्षण मंत्रालयासाठी १,२८,६५० कोटी, आरोग्य मंत्रालयासाठी सुमारे एक लाख कोटी आणि रोजगार हमीसाठी ८६,००० कोटी रुपये होते. जुन्या कर्जांच्या व्याजापोटी १२.७६ लाख कोटी ठेवले होते. अवकाश विभागाची वर्षभराची तरतूद म्हणजे या व्याजाचे चार दिवसही भरत नाहीत. महाराष्ट्रापुरतं पाहायचं तर राज्याने त्याच वर्षी एकट्या लाडकी बहीण योजनेसाठी ३६,००० कोटी रुपये ठेवले होते. त्या पैशाने घरखर्चाला हातभार लागतो आणि त्याचं मोल मी कमी मानत नाही. तुलना केली ती फक्त रकमेचा आवाका कळावा म्हणून.

मंजूर झालेली रक्कमही दर वर्षी पूर्ण खर्च होतेच असं नाही. २०२२-२३ मध्ये तरतूद १३,७०० कोटींची होती, ती सुधारित अंदाजात १०,५३० कोटींवर आली. तेव्हा ‘इस्रो बंद करा म्हणजे गरिबी हटेल’ हे म्हणणं आकड्यांपुढे टिकत नाही.

पण रक्कम लहान आहे एवढ्याने खर्च योग्य ठरत नाही. १३,४१६ कोटींनी केंद्राची त्या वर्षीची आरोग्याची तरतूद तेरा टक्क्यांहून अधिक वाढू शकली असती, आणि एखाद्या ग्रामीण रुग्णालयाला ही वाढ जाणवली असती. खरी ओढाताण तर संशोधनाच्या पैशातच आहे. भारत संशोधन आणि विकासावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या जेमतेम ०.६४ टक्के खर्च करतो. चीन अडीच टक्क्यांच्या घरात आहे आणि दक्षिण कोरिया त्याच्याही दुप्पट. या तुटपुंज्या पैशात २०२५-२६ साठी आरोग्य संशोधन विभागाच्या वाट्याला ३,९०१ कोटी आले. क्षयरोगाचे जगातले सुमारे एक चतुर्थांश रुग्ण ज्या देशात आहेत, त्याच्या आरोग्य संशोधनाला त्या वर्षी अवकाश विभागाच्या एक तृतीयांशाहून कमी पैसा मिळाला. अवकाशाची तुलना भाकरीशी करण्यापेक्षा ती अशी इतर प्रयोगशाळांशी करावी. आणि त्या तुलनेतून निघणारा निष्कर्ष अवकाशाचा पैसा कापण्याचा नाही. विज्ञानाची एकूण थाळीच लहान आहे, ती वाढवायला हवी.

साराभाईंनी घालून दिलेली कसोटी

२१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातल्या थुंबा या मच्छीमारांच्या गावातून भारतातलं पहिलं संशोधन रॉकेट उडालं. रॉकेट अमेरिकी होतं. कार्यालय सेंट मेरी मॅग्डालिन चर्चच्या इमारतीत होतं; बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी ती जागा विज्ञानासाठी देऊ केली होती. त्या काळात देश धान्यासाठी अमेरिकेच्या जहाजांकडे डोळे लावून होता. उपाशी देशाला रॉकेटं कशाला, हा आक्षेप आपल्यावर येणार हे विक्रम साराभाई जाणून होते आणि त्यांनी त्याला स्वतःच सामोरं जाऊन उत्तर दिलं. चंद्रावर जाण्यात किंवा माणूस अंतराळात पाठवण्यात श्रीमंत देशांशी स्पर्धा करायची भारताची कल्पना नाही. पण प्रगत तंत्रज्ञान माणसाच्या आणि समाजाच्या प्रत्यक्ष प्रश्नांसाठी वापरण्यात आपण कोणाच्याही मागे राहता कामा नये, अशी त्यांची भूमिका होती. भारतीय अवकाश कार्यक्रमाची नैतिक बैठक ही आहे, आणि पुढच्या प्रत्येक मोहिमेला लावायची कसोटीही हीच.

त्या पहिल्या पिढीत मराठी माणसं मोठ्या जबाबदारीच्या जागी होती. कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस थुंबा आणि श्रीहरिकोटा या जागांच्या निवडीत होते. पुण्याचे वसंत गोवारीकर परदेशातली नोकरी सोडून थुंब्याला आले आणि घन इंधनाचं काम त्यांनी उभं केलं. पुढे विज्ञान-तंत्रज्ञान विभागाचे सचिव असताना १९८८ मध्ये त्यांच्या पुढाकाराने सोळा घटकांवर आधारलेलं मोसमी पावसाच्या अंदाजाचं प्रारूप वापरात आलं. रॉकेटच्या इंधनात उमेदीची वर्षं घालवलेला शास्त्रज्ञ पेरणीच्या पावसाकडे वळतो, यात त्या पिढीची दृष्टी दिसते.

या कसोटीचा पहिला मोठा प्रयोग १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात झाला. अमेरिकेचा ‘एटीएस-६’ उपग्रह वर्षभरासाठी घेऊन सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी संच बसवले गेले आणि शेती, आरोग्य, शिक्षण यांचे कार्यक्रम थेट उपग्रहावरून दाखवले गेले. चिटणीस आणि पुण्याचेच प्रमोद काळे यांचा या ‘साइट’ प्रयोगात मोठा वाटा होता. स्वतःचा दूरसंचार उपग्रह नसतानाही, तो असेल तर गावात काय पोचवायचं हे देशाने आधी तपासून पाहिलं. आधी गरज, मग यंत्र, असा तो क्रम होता. वर्ष संपल्यावर उपग्रह परत गेला आणि हे थेट प्रसारण थांबलं. या कामाचा स्वतःचा चालता उपग्रह, ‘इन्सॅट-१बी’, मिळायला १९८३ उजाडलं.

समुद्र, शेत आणि डोंगर

आज या कसोटीवर काय दिसतं? किनाऱ्यापासून सुरुवात करू. ओशनसॅट मालिकेतले उपग्रह समुद्राच्या पाण्याचा रंग टिपतात. त्यावरून हरितद्रव्य, म्हणजे सूक्ष्म वनस्पती कुठे दाटल्या आहेत ते कळतं. पृष्ठभागाच्या तापमानाची जोड दिली की गार आणि उबदार पाणी जिथे भिडतं त्या रेषा सापडतात. तिथे खाद्य साठतं आणि त्यामागे मासळी येते. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था त्यावरून मासेमारीच्या संभाव्य क्षेत्रांची माहिती किनारी भाषांतून देते. हर्णै किंवा मालवणच्या बंदरातून निघणाऱ्या तांडेलाला याचा फायदा डिझेल आणि वेळ या दोन्हींत होतो. पण माहिती सर्वांना सारखी मिळाली तरी सर्वांना सारखी वापरता येत नाही. दूर जाऊ शकणारी मोठी यांत्रिक नौका तिथे आधी पोचते, लहान पारंपरिक होडी मागे राहते. त्यामुळे माहितीबरोबर मासेमारीच्या नियमांची अंमलबजावणीही लागते, आणि ते काम उपग्रह करू शकत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरहून देशभरातल्या एक लाख नौकांवर इस्रोच्या तंत्रज्ञानाचे ट्रान्सपॉण्डर बसवण्याच्या योजनेला सुरुवात झाली. किनाऱ्याशी दुहेरी संदेश आणि संकटात मदतीची हाक, असं हे यंत्र आहे. साराभाईंच्या कसोटीला उतरणारा हा खर्च आहे.

मे २०२१ मधल्या ‘तौक्ते’ वादळाने मात्र दुसरी बाजू दाखवली. हवामान खात्याने वादळाचे इशारे काही दिवस आधीपासून दिले होते. तरीही बॉम्बे हायजवळ पी-३०५ हा निवासी तराफा कामगारांसह समुद्रातच राहिला. १७ मे रोजी तो बुडाला आणि साठहून अधिक माणसं गेली. उपग्रहाने आपलं काम केलं होतं. इशारा आल्यावर तराफा आत आणायचा हे ठरवणारी साखळी तुटली.

आता शेत. २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ संहितेनुसार दुष्काळ ठरवताना पावसाच्या तुटीनंतर पिकांची स्थिती, जमिनीतला ओलावा, जलसाठे यांचे निर्देशांक पाहतात, आणि पिकांची हिरवाई व पाण्याचा ताण उपग्रहाच्या चित्रांवरून मोजतात. त्यानंतर निवडक गावांत जाऊन सत्यमापन होतं. महाराष्ट्रात यासाठीचं तांत्रिक काम नागपूरचं महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र करतं. या पद्धतीने २०१८ मध्ये १५१ तालुके आणि २०२३ मध्ये ४० तालुके दुष्काळी जाहीर झाले. २०२३ ची यादी आली तेव्हा वगळलेल्या भागांतून मोठी नाराजी उठली. मग हजारच्या आसपास महसूल मंडळं पावसाच्या आकड्यांवरून ‘दुष्काळसदृश’ म्हणून जोडावी लागली. कर्जवसुलीची स्थगिती, वीजबिलातली सवलत, परीक्षा शुल्काची माफी हे सारं या यादीवर अवलंबून असतं.

पूर्वी दुष्काळ पैसेवारीवरून, म्हणजे पिकाच्या उताऱ्याच्या अंदाजावरून, ठरे आणि ती तलाठी व ग्रामस्थ मिळून ठरवत. त्यात माणसांचे हितसंबंध शिरत, म्हणून मोजमाप उपग्रहाकडे गेलं आणि ते योग्यच झालं. पण पैसेवारी चुकली तर शेतकरी तलाठ्याशी भांडू शकत होता, निर्देशांकाशी कसा भांडणार? आपल्या तालुक्याचा आकडा किती आला, तो कोणत्या आठवड्याच्या चित्रावरून काढला, ढगाळ दिवसांचं काय केलं, हे त्याला समजेल अशा मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागत नाही. माहिती आभाळातून आली म्हणून ती आपोआप न्याय्य होत नाही. ती तपासता आली पाहिजे.

डोंगराची कथा याहून गंभीर आहे. माळीण २०१४, तळीये २०२१, इर्शाळवाडी २०२३. सह्याद्रीच्या कुशीतल्या या तीन वस्त्या दरडींनी गिळल्या. इर्शाळवाडीत ऐंशीच्या वर माणसं मृत किंवा बेपत्ता झाली. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने त्याच वर्षी देशाचा भूस्खलन नकाशासंग्रह प्रसिद्ध केला होता. त्यात १९९८ ते २०२२ या काळातल्या सुमारे ऐंशी हजार दरडींच्या नोंदी आहेत. तरीही इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असं राज्य सरकारनेच दुर्घटनेनंतर सांगितलं. राष्ट्रीय नकाशावर जिल्हा दिसतो. उतारावरची ठाकरवाडी यादीत यायला भूवैज्ञानिकाने तिथे चढून जावं लागतं आणि पुनर्वसनासाठी जागा व पैसा लागतो. त्या भूवैज्ञानिकाच्या पदासाठी अवकाश विभागाच्या अंदाजपत्रकात जागा नाही, आणि जिल्ह्याच्या अंदाजपत्रकातही ती सहज सापडत नाही.

३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून झेपावलेला ‘निसार’ हा भारत-अमेरिकेचा रडार उपग्रह इथे मोठी मदत करू शकतो. भारताचा वाटा ७८८ कोटींचा आहे. हा उपग्रह ढगांतून, रात्रीही, जमिनीची सेंटिमीटरभर हालचाल टिपतो आणि जवळपास प्रत्येक जागेवर बारा दिवसांत पुन्हा येतो. भर पावसाळ्यात सह्याद्रीचा कोणता उतार सरकू लागला आहे, हे यातून कळू शकतं. माहिती सर्वांना मोफत आहे. ती वाचणारी माणसं रायगड, रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयांत नेमली जातील का, यावर ७८८ कोटींचं मोल ठरेल.

दुबळ्या दुव्याचं आणखी एक उदाहरण सरकारी लेखापरीक्षणातच नोंदलेलं आहे. २००४ मध्ये ‘एज्युसॅट’ हा केवळ शिक्षणासाठीचा उपग्रह सोडला गेला. कल्पना उत्तम होती. पण नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी त्याच्या वापराचा आढावा घेतला तेव्हा शाळा-महाविद्यालयांतली यंत्रणा, अभ्याससामग्री आणि प्रत्यक्ष वापर या तिन्हींत मोठ्या उणिवा निघाल्या. उपग्रह वेळेवर वर गेला होता, वर्ग मागे राहिले.

चंद्र, सूर्य आणि शुद्ध विज्ञान

या कसोटीवर चंद्रयान कसं बसवायचं? चंद्रावर उतरून कोणाचंही पीक वाचत नाही. माझं मत असं की ज्ञानाला भाकरीच्या भावाने मोजू नये, आणि भारतासारख्या देशाने ज्ञानाची भूक श्रीमंतांवर सोडून देऊ नये. ‘चंद्रयान-१’ ला सुमारे ३८६ कोटी रुपये लागले. त्यावर अमेरिकेचंही उपकरण होतं आणि त्याच मोहिमेतून चंद्राच्या पृष्ठभागावर पाण्याच्या रेणूंचा पुरावा मिळाला. ‘मंगळयान’ ४५० कोटींत मंगळाच्या कक्षेत पोचलं. ‘चंद्रयान-२’ चा लँडर सप्टेंबर २०१९ मध्ये आदळला, आणि त्यातून शिकून २३ ऑगस्ट २०२३ रोजी ‘चंद्रयान-३’ सुमारे सहाशे कोटींत दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात अलगद उतरलं. समृद्धी महामार्गाला पंचावन्न हजार कोटींहून अधिक खर्च आला. त्या मानाने हे विज्ञान खरोखर स्वस्तात मिळालं आहे.

पुण्यातल्या ‘आयुका’ने सूर्याचा अभ्यास करणाऱ्या ‘आदित्य-एल१’ यानासाठी सूर्याची अतिनील चित्रं घेणारी दुर्बीण, ‘सूट’, तयार केली. जयंत नारळीकरांनी उभारलेल्या विद्यापीठीय संस्थेतून असं उपकरण अवकाशात जातं, तेव्हा त्याच्यासोबत विद्यार्थ्यांची एक पिढी घडते. सौर वादळांचा अभ्यास उपग्रहांच्या आणि वीजवाहिन्यांच्या सुरक्षिततेलाही कामी येतो.

उलट इथे तक्रार कमी पैशाची आहे. २०२३-२४ च्या अंदाजपत्रकात ‘अंतराळ विज्ञान’ या शीर्षाखाली साधारण १३६ कोटी रुपये होते, म्हणजे विभागाच्या तरतुदीचा जेमतेम एक टक्का. प्रक्षेपकांचा खर्च वेगळ्या शीर्षाखाली येतो हे धरलं तरी यान पाठवल्यावर त्याच्या माहितीवर काम करणाऱ्या विद्यापीठांसाठी फार थोडं उरतं. उतरण्याचा क्षण सारा देश पाहतो. त्यानंतरची दहा वर्षं आकडे तपासणारी संशोधक मुलगी शिष्यवृत्तीच्या हप्त्याची वाट पाहते, हे बदलायला हवं.

कमाईचे दावे

अवकाश कार्यक्रमाच्या बाजूने बोलणारे कधी कधी असे दावे करतात की त्याने बाजू कमकुवत होते. ‘इस्रो परदेशी उपग्रह सोडून स्वतःचा खर्च काढते’ हा त्यातला एक. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०१५ ते २०२४ या दहा वर्षांत ३९३ परदेशी उपग्रह सोडले गेले. त्यातून झालेली दहा वर्षांची सगळी कमाई विभागाच्या एका वर्षाच्या तरतुदीहूनही बरीच कमी आहे. प्रक्षेपण हा नफ्याचा धंदा म्हणून दाखवण्याची गरजच नाही. २०२४ मध्ये नोवास्पेस या सल्लागार कंपनीचा अहवाल आला. त्यात अवकाशावरच्या एका रुपयातून अर्थव्यवस्थेत २.५४ रुपयांची भर पडते असा अंदाज आहे. तो खुद्द अवकाश विभागाच्या कामाचं मूल्यमापन म्हणून इस्रोनेच पुढे ठेवलेला आहे, तेव्हा स्वतंत्र अर्थतज्ज्ञांनी तो पडताळून पाहायला हवा.

पैशात न मोजता येणारा लाभ मात्र खरा आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दबावामुळे रशियाने क्रायोजेनिक इंजिनाचं तंत्रज्ञान देण्यापासून माघार घेतली. ते स्वतः घडवायला दोन दशकं लागली, आणि जानेवारी २०१४ मध्ये भारतीय क्रायोजेनिक इंजिनावर ‘जीएसएलव्ही’ यशस्वी झालं. या प्रवासात विक्रोळीच्या गोदरेजच्या कारखान्यात इंजिनं घडली, इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरमध्ये प्रक्षेपकांची आवरणं तयार झाली. अवकाशाचा पैसा अवकाशात उडून जात नाही. तो इथल्याच कामगारांच्या, अभियंत्यांच्या आणि कारखान्यांच्या हातात पडतो आणि कौशल्य मागे ठेवतो.

माणूस पाठवायचा की नाही

आता खरा वळणाचा मुद्दा. ‘गगनयान’ची घोषणा १५ ऑगस्ट २०१८ रोजी झाली तेव्हा २०२२ पर्यंत भारतीय माणूस भारतीय यानातून जाईल असं ठरलं होतं, आणि खर्च दहा हजार कोटींच्या आत धरला होता. सप्टेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने कार्यक्रमाची व्याप्ती वाढवून त्यात भारतीय अंतराळ स्थानकाचा पहिला भाग घेतला, आणि एकूण रक्कम २०,१९३ कोटी झाली. त्याच दिवशी नव्या प्रक्षेपकासाठी ८,२४० कोटी, ‘चंद्रयान-४’ साठी २,१०४ कोटी आणि शुक्र मोहिमेसाठी १,२३६ कोटी मंजूर झाले. २०३५ पर्यंत स्थानक आणि २०४० पर्यंत चंद्रावर भारतीय, अशी पुढची उद्दिष्टं आहेत. जून-जुलै २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय स्थानकावर जाऊन आले तेव्हा देशाला झालेला आनंद खरा होता.

साराभाईंनी जी स्पर्धा नको म्हटली होती, त्याच दिशेला हे वळण आहे. साठ वर्षांत देश बदलला, त्यामुळे धोरण बदलणं हा गुन्हा नाही. मानवी उड्डाणाच्या बाजूने काही ठोस मुद्देही आहेत. माणूस नेण्याइतकं विश्वासार्ह यंत्र बनवताना सगळीच यंत्रणा सुधारते, पुढच्या आंतरराष्ट्रीय करारांत देशाला बसायला जागा मिळते, आणि तरुण संशोधक देशात टिकतात. पण यंत्रमानव कमी खर्चात आणि कोणाचा जीव धोक्यात न घालता बहुतेक विज्ञान करू शकतो, हा आक्षेपही तितकाच वजनदार आहे. स्थानकावर नेमकं कोणतं संशोधन होणार, ते कोण करणार आणि त्यासाठी प्रयोगशाळांना किती पैसा मिळणार, याचा तपशील लोकांसमोर आणि संसदेसमोर सविस्तर यायला हवा. उद्दिष्टाचं साल सांगणं म्हणजे उद्दिष्ट सांगणं नव्हे.

अमेरिकेचा अनुभव इथे कामाला येतो. १९६६ मध्ये नासाचा वाटा अमेरिकी केंद्रीय अर्थसंकल्पाच्या चार टक्क्यांहून अधिक होता. ‘अपोलो-११’ च्या आदल्या दिवशी, १५ जुलै १९६९ रोजी, नागरी हक्क चळवळीचे नेते राल्फ ॲबरनॅथी गरीब कुटुंबांना आणि खेचरांच्या गाड्यांना घेऊन केनेडी अंतराळ केंद्रावर गेले आणि भुकेल्यांचा प्रश्न त्यांनी तिथे मांडला. नासाचे प्रमुख थॉमस पेन त्यांना भेटायला बाहेर आले. चंद्र जिंकल्यावर मात्र १९७० मध्ये तीन मोहिमा रद्द झाल्या आणि डिसेंबर १९७२ नंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळ चंद्रावर कोणी उतरलं नाही. शर्यतीसाठी दिलेला पैसा शर्यत संपल्यावर आटला. त्याच देशाचा ‘लँडसॅट’ हा जमिनीची चित्रं घेणारा कार्यक्रम १९७२ पासून आजतागायत चालू आहे, आणि २००८ मध्ये त्याची चित्रं मोफत केल्यावर जगभरातल्या शेती, जंगल आणि पाण्याच्या अभ्यासाला त्याने आधार दिला. प्रतिष्ठेपेक्षा उपयोगावर उभा असलेला खर्च जास्त टिकतो.

आपल्याकडेही धोक्याची खूण दिसते आहे. ‘नाविक’ या स्वदेशी दिशादर्शक यंत्रणेतल्या पहिल्या पिढीच्या उपग्रहांची अणुघड्याळं बंद पडत गेली आणि बदली उपग्रह वेळेवर पोचले नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला ‘एनव्हीएस-०२’ इच्छित कक्षेत जाऊ शकला नाही. १८ मे २०२५ रोजी भरवशाच्या ‘पीएसएलव्ही’चं ‘सी-६१’ हे उड्डाण तिसऱ्या टप्प्यात फसलं आणि पृथ्वीनिरीक्षणाचा उपग्रह गेला. त्या चौकशीचा सविस्तर अहवाल लोकांसमोर ठेवला गेला नाही. १९८६ मध्ये ‘चॅलेंजर’ फुटलं तेव्हा अमेरिकेने चौकशी जाहीर केली आणि अहवाल छापला. माणूस पाठवू पाहणाऱ्या संस्थेने तीच शिस्त आता अंगी बाणवावी.

निवाडा

सगळं पाहता माझं मत स्पष्ट आहे. अवकाशावरचा खर्च कमी करू नये. तो कुठे आणि कोणत्या क्रमाने होतो हे बदलावं. हवामान, समुद्र, जमीन आणि दिशादर्शन यांचे उपग्रह वेळेवर बदलण्याला पहिला मान हवा आणि मानवी उड्डाणाचा पैसा त्यातून कधीही काढू नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये गेलेल्या ‘इन्सॅट-३डीएस’ या हवामान उपग्रहाचा खर्च भूविज्ञान मंत्रालयाने उचलला. तसंच शेती, मत्स्यव्यवसाय आणि आपत्ती व्यवस्थापनाच्या मंत्रालयांनी आपल्या उपग्रहांची किंमत मोजावी, म्हणजे ज्याला वापरायचं आहे तोच काय हवं ते ठरवेल. प्रत्येक पृथ्वीनिरीक्षण मोहिमेच्या मंजुरीत तिची माहिती तालुक्यापर्यंत पोचवण्याचा आणि वाचू शकणारी माणसं नेमण्याचा खर्च पहिल्या दिवसापासून धरावा. अपयशांचे अहवाल प्रसिद्ध करावेत. विज्ञानाच्या शीर्षाखालची रक्कम निदान दुप्पट करावी आणि ती विद्यापीठांपर्यंत पोचवावी.

वाचकांना एक विनंती आहे. अवकाश विभागाची मागणी दर वर्षी संसदेत येते आणि अर्थसंकल्पाची कागदपत्रं सर्वांसाठी खुली असतात. ती पाहा. आपल्या खासदाराला विचारा की या तरतुदीतला किती पैसा विज्ञानाला आणि किती प्रत्यक्ष उपयोगाला गेला. तहसील कार्यालयात विचारा की आपल्या तालुक्याच्या दुष्काळाचा निर्देशांक कसा काढला, आणि आपल्या डोंगरावरची वाडी दरडप्रवण यादीत आहे का. शंभरातले सव्वीस पैसे आपलेच आहेत. त्यांचं पूर्ण मोल आपण मागितल्याशिवाय मिळणार नाही.